बातमीतल्या माणसांची साखळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा खेळ नेमका आहे तरी काय?

बातम्यांत गाजणारी दोन माणसं घ्यायची, शक्यतो एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली, आणि मधे खरी माणसं जोडत जोडत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायचं. प्रत्येक शेजारच्या जोडीत दाखवता येईल असा दुवा हवा. कमी दुव्यांत पोचेल तो जिंकला. ना पट लागतो ना सोंगट्या. दोन भिडू, एक पंच आणि थोडंफार वाचन एवढ्यावर डाव रंगतो.

मासला म्हणून एल्विस प्रेस्ली ते माओ झेडाँग घ्या. एक रॉक अँड रोलचा बादशहा, दुसरा चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचा सर्वेसर्वा. २१ डिसेंबर १९७० रोजी एल्विस व्हाइट हाउसमध्ये रिचर्ड निक्सनना भेटला. भेट म्हणून त्याने चक्क पिस्तूल नेलं होतं. २१ फेब्रुवारी १९७२ रोजी निक्सन बीजिंगमध्ये माओंना भेटले. संपला डाव. दोन दुवे, मधे एकच माणूस.

माणसं मोजायची की दुवे?

दुवे. वरच्या साखळीत माणसं तीन, मधला माणूस एक आणि दुवे दोन. भांडणं निम्मी इथेच होतात, कारण एक जण ‘एका माणसात पोचलो’ म्हणतो, दुसरा ‘दोन उड्या लागल्या’ म्हणतो, आणि दोघेही बरोबर असतात. डाव सुरू होण्याआधी बोलून घ्या.

दुवा म्हणून काय चालतं?

सगळा खेळ या एका प्रश्नावर उभा आहे. दुव्याची व्याख्या सैल ठेवली की कुणीही कुणालाही जोडता येतं आणि मग त्यात मजा उरत नाही. ‘दोघेही डावखुरे’, ‘दोघांची रास एक’, ‘दोघेही एकाच शहरात राहून गेले’ असल्या बादरायण संबंधांवर साखळी ओढणाऱ्याला आमच्याकडे सरळ बाद करतात. ‘बादरायण!’ अशी आरोळी ठोकायचा हक्क समोरच्या भिडूला असतो. मग पंच विचारतो, ‘हे दोघं एकमेकांच्या समोर कधी आले होते?’ उत्तर आलं नाही की दुवा तुटला.

आम्ही चालवतो ते दुवे असे: प्रत्यक्ष भेट, एकत्र काम, जवळचं नातं, गुरू-शिष्य, आणि मैदानावरचा आमनेसामने सामना. एकाच वर्षी वाटून घेतलेला पुरस्कारही चालतो. २०१४ चं शांततेचं नोबेल मलाला युसूफझाई आणि कैलाश सत्यार्थी या दोघांना मिळून मिळालं, तो पक्का दुवा. तोच पुरस्कार वेगवेगळ्या वर्षी मिळालेली माणसं मात्र जोडलेली नाहीत. ते नुसते एका यादीतले शेजारी.

कसोटी एकच: दुवा दोन्ही बाजूंनी टिकला पाहिजे. चाहत्याने काढलेला सेल्फी, समाजमाध्यमावर ‘फॉलो’ करणं, भाषणात नाव घेणं, या सगळ्या एकतर्फी गोष्टी. डोनाल्ड ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये मोटेराच्या स्टेडियमवर भाषणात सचिन तेंडुलकरचं नाव घेतलं (आणि घेताना त्या नावाचं पार भजं केलं). तेवढ्यावर हे दोघं जोडले जात नाहीत. पण १९८९ मध्ये कराचीत तेंडुलकरने पहिली कसोटी खेळली तेव्हा पाकिस्तानचा कप्तान होता इम्रान खान, आणि २०१९ मध्ये पंतप्रधान म्हणून हेच इम्रान खान वॉशिंग्टनला ट्रम्पना भेटले. हा रस्ता चोख आहे. भाषणाचा आडमार्ग सोडून हा रस्ता शोधणारा भिडू खरा खेळाडू.

कितव्या दुव्यापर्यंत पोचता आलंच पाहिजे? सगळे ‘सहा’ का म्हणतात?

सहाचा आकडा फार जुना आहे. हंगेरियन लेखक फ्रिजेश कारिंथी याने १९२९ मध्ये एक छोटी कथा लिहिली. त्यात मित्रांच्या टोळक्यात पैज लागते: पृथ्वीवरच्या तेव्हाच्या दीडशे कोटींपैकी कुणाचंही नाव घ्या, जास्तीत जास्त पाच जणांच्या ओळखीतून त्याच्यापर्यंत पोचून दाखवतो. पाच मधली माणसं म्हणजे सहा दुवे. कथेत पहिलं नाव निघतं ते स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलोफ हिचं. तिला नोबेल मिळालेलं, म्हणजे स्वीडनचा राजा गुस्ताव तिला ओळखणारच. गुस्तावला टेनिसचा भारी नाद, तो हंगेरीच्या केर्लिंगबरोबर खेळलेला. आणि केर्लिंगला तर आपला गडी स्वतःच ओळखतो! जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी लिहिलेला हा डाव आज जसाच्या तसा खेळता येतो.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्राम याने १९६० च्या दशकात अमेरिकेत याची प्रत्यक्ष चाचणी घेतली. काही लोकांना एक पाकीट दिलं आणि सांगितलं, हे बॉस्टनच्या एका शेअर दलालापर्यंत पोचवा, पण फक्त स्वतःच्या ओळखीच्या माणसाच्या हाती देऊन. तो पुढे त्याच्या ओळखीच्याला देईल. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात २९६ जणांपासून सुरुवात होती. त्यांतल्या ६४ साखळ्या पोचल्या आणि मधल्या माणसांची सरासरी निघाली ५.२. ‘सहा’ म्हणतात ते इथून. पण बाकीच्या साखळ्या वाटेतच विरल्या, ही बाजू सहसा कुणी सांगत नाही. रस्ता असणं वेगळं आणि तो सापडणं वेगळं. आपल्या खेळात धमाल येते ती याच फरकामुळे.

पुढे फेसबुकने आपल्याच माहितीवर हिशेब मांडला. २०११ मध्ये सुमारे ७२ कोटी खातेदारांत मधल्या माणसांची सरासरी आली ३.७४, आणि २०१६ मध्ये सुमारे १५९ कोटींत ३.५७. अर्थात तिथली ‘मैत्री’ आमच्या पंचाने दुवा म्हणून मान्य केली नसती.

तेव्हा बातमीतल्या माणसांसाठी सहा दुवे म्हणजे फारच मोकळं रान. ही माणसं एकमेकांना सर्वसामान्यांपेक्षा कितीतरी जास्त भेटतात. चारची मर्यादा घाला. सरावलेले भिडू असतील तर तीन.

केविन बेकनचा खेळ तो हाच का?

त्याच कुळातला. १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अल्ब्राइट कॉलेजच्या तीन विद्यार्थ्यांनी तो काढला: कोणताही नट घ्या आणि ‘एकाच चित्रपटात काम’ एवढ्या एकाच दुव्याने हॉलिवूड नट केविन बेकनपर्यंत पोचा. जितक्या उड्या तितका त्या नटाचा बेकन अंक. बेकनला आधी हे सगळं आपली टिंगल वाटली. नंतर तो इतका रमला की २००७ मध्ये त्याने याच कल्पनेवर समाजकार्यासाठी देणग्या गोळा करणारी संस्था काढली.

आपल्याकडचं उदाहरण करून बघा. अमिताभ बच्चन आणि जोएल एजर्टन ‘द ग्रेट गॅट्सबी’मध्ये (२०१३) होते, एजर्टन आणि बेकन ‘ब्लॅक मास’मध्ये (२०१५). म्हणजे अमिताभचा अंक फार तर २. ‘शोले’त अमिताभबरोबर सचिन पिळगांवकर होते, त्यांचा फार तर ३. आणि ‘अशी ही बनवाबनवी’त सचिनबरोबर अशोक सराफ, त्यांचा फार तर ४. ‘फार तर’ म्हणायचं, कारण याहून जवळची वाट कुठेतरी दडलेली असू शकते.

बेकन हा काही चित्रपटसृष्टीचा मध्यबिंदू नाही. त्याच्यापेक्षा अधिक मोक्याच्या जागी असलेले नट कितीतरी आहेत. खेळ त्याच्या नावावर चढला एवढंच.

गणितातही असलंच काहीतरी असतं ना?

असतं, आणि ते बेकनपेक्षा जुनं आहे. हंगेरियन गणिती पॉल एर्डॉश (१९१३–१९९६) बॅग उचलून देशोदेशी फिरायचा आणि जिथे उतरेल तिथल्या यजमानाबरोबर शोधनिबंध लिहायचा. असे सुमारे १,५०० निबंध आणि पाचशेच्या वर सहलेखक. त्याच्याबरोबर लिहिलं असेल तर एर्डॉश अंक १, त्या सहलेखकाबरोबर लिहिलं असेल तर २. आइन्स्टाइनचा अंक २ आहे, कारण त्याचा सहायक अर्न्स्ट स्ट्राउस याने पुढे एर्डॉशबरोबर काम केलं. इंग्रज गणिती जी. एच. हार्डीचा २ आणि हार्डीमुळे श्रीनिवास रामानुजन यांचा ३. रामानुजन १९२० मध्ये गेले तेव्हा एर्डॉश सात वर्षांचा होता, तरी अंक लागतोच. साखळीला काळाचं बंधन नसतं.

म्हणजे वारलेली माणसंही चालतात?

जरूर. माझ्या मते डाव खुलतो तो त्यांनीच. नेपोलियन ते लेनिन करून बघा. लॉर्ड जॉन रसेल हा तरुण इंग्रज १८१४ मध्ये एल्बा बेटावर हद्दपारीतल्या नेपोलियनला भेटला होता. पुढे तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला. त्याचा नातू बर्ट्रांड रसेल लहानपणी आजोबांच्याच घरी वाढला. नातवाने १९२० मध्ये मॉस्कोत लेनिनची भेट घेतली. तीन दुवे. आणि हा नातू १९७० पर्यंत जगला, म्हणजे आज हयात असलेल्या किती जणांपासून नेपोलियन केवळ तीन दुव्यांवर आहे याचा विचार करा. आजोबा-नातू जोडी हाताशी असली की शतकच्या शतक एका उडीत ओलांडता येतं.

फक्त ‘बातमीतली माणसं’ हा खेळाचा गाभा राखायचा असेल तर एक टोक या आठवड्याच्या बातमीतलं ठेवा. दुसरं टोक इतिहासात कुठेही असू दे.

कुणीतरी राष्ट्राध्यक्ष मधे घातला की सगळं जुळतं. मजा जाते. काय करायचं?

ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. काही माणसं म्हणजे नुसती जंक्शन असतात. राणी एलिझाबेथ दुसरी ट्रुमनपासून बायडनपर्यंत लिंडन जॉन्सन वगळता अमेरिकेच्या प्रत्येक अध्यक्षाला भेटली होती. अमेरिकेचे मुत्सद्दी हेन्री किसिंजर १९७० च्या दशकात माओंना भेटले आणि २०२३ मध्ये, वयाच्या शंभरीत, शी जिनपिंगना. असं एक नाव सापडलं की आळशी भिडू दर डावात तेच फेकतो.

असं का होतं? ओळखी सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. थोड्या लोकांकडे त्यांचा ढीग असतो, आणि ओळखींचा ढीग असलेला माणूसच आपल्या ओळखीचा असण्याची शक्यता जास्त. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये हे मांडलं: तुमच्या मित्रांना सरासरीने तुमच्यापेक्षा जास्त मित्र असतात. (वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांचं तसंच असतं.) मिलग्रामच्या पाकिटांचंही तेच झालं. पोचलेल्यांपैकी जवळपास निम्मी शेवटच्या टप्प्यात अवघ्या तीन माणसांच्या हातून गेली.

उपाय म्हणजे जंक्शनबंदी. राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान, राजघराणी, पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस मधल्या कडीत चालणार नाहीत, असं जाहीर करा. टोकाला चालतील. मग भिडूंना खरी शोधाशोध करावी लागते: कोण कुणाचा प्रशिक्षक होता, कुणाची मुलाखत कुणी घेतली, कोण कुणाचा वकील होता. या बंदीनंतर सगळ्यात कामाला येतात ती कुंपण ओलांडणारी माणसं: खेळातून राजकारणात गेलेली, अभिनयातून निवडणुकीत उतरलेली, शास्त्रज्ञ असून वाद्य वाजवणारी. दोन वेगळ्या जगांतली दारं तीच उघडतात. बंदी घातल्यावर तेंडुलकर-इम्रान-ट्रम्प साखळीचं काय, असं विचाराल. इम्रान पंतप्रधान होते, म्हणजे ती बाद. काही मंडळी ‘पदावर येण्याआधीची भेट चालेल’ अशी सवलत देतात. दिली तरी इथे भागत नाही, कारण ट्रम्पभेट पदावर असतानाची आहे.

गुण कसे द्यायचे?

साधी पद्धत: कमी दुवे, जास्त गुण. मला ती फारशी पसंत नाही. तिने पाठांतरवाले जिंकतात. त्याऐवजी बरोबरी झाली की ज्या साखळीतला एखादा दुवा ऐकून बाकीच्यांनी ‘काय सांगतोस!’ म्हटलं, तिला जादा गुण द्या. पंच हिशेबी नको, रसिक हवा.

माझी साखळी सगळ्यात छोटी आहे हे कसं कळणार?

खात्रीने सांगायचं तर यंत्राकडे जावं लागतं. आधी पहिल्या माणसाचे सगळे थेट दुवे काढायचे, मग त्या प्रत्येकाचे, मग त्यांचे. असं थराथराने पसरत गेलं की दुसरं टोक ज्या थरात पहिल्यांदा दिसेल तेच कमीत कमी अंतर. नटांच्या बाबतीत हे करून देणारं संकेतस्थळ १९९६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात तयार झालं. बातमीतल्या माणसांच्या भेटीगाठींची तशी पूर्ण नोंद कुठेच नसते, म्हणून शेवटचा शब्द कुणाचाच नसतो.

हाताने खेळताना एक युक्ती: दोन्ही टोकांकडून निघा. पाच-पाच नावं दोन्हीकडे लिहा आणि मधे कुठे भेटतात ते पाहा. आणि लांब साखळी अभिमानाने मांडण्याआधी दोन्ही टोकं थेट जोडलेली नाहीत ना, हे तपासा. गांधीजी १९३१ मध्ये लंडनला चार्ली चॅप्लिनला भेटले, चॅप्लिन त्याच वर्षी आइन्स्टाइनला, आणि आइन्स्टाइन त्याच्या आदल्या वर्षी रवींद्रनाथ टागोरांना. झकास साखळी, तीन दुवे. पण गांधीजी आणि टागोर तर १९१५ पासून एकमेकांना भेटत होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

फोन बघून खेळलं तर चालेल?

शोधताना नाही, पडताळताना हो.

योगायोग जोडले तर? एकच जन्मदिवस वगैरे?

मुख्य डावात नाही. पण त्यांचा वेगळा डाव लावा, मजेदार होतो. अब्राहम लिंकन आणि चार्ल्स डार्विन दोघेही १२ फेब्रुवारी १८०९ ला जन्मले. जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे दोन माजी अध्यक्ष ४ जुलै १८२६ या एकाच दिवशी वारले, तेही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी. नुसता तारीख-महिना जुळणं मात्र अगदी स्वस्त आहे. कुठलीही २३ माणसं एकत्र आली तरी त्यांत दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते.

या डावात थापा फार शिरतात. लिंकन आणि केनेडी यांच्यातल्या साम्यांची यादी वर्षानुवर्षं फिरते आहे. त्यातलं बरंच खरं आहे: एक १८६० मध्ये निवडून आला, दुसरा १९६० मध्ये. दोघांच्याही जागी जॉन्सन आडनावाचा उपाध्यक्ष आला, एक १८०८ चा, दुसरा १९०८ चा. केनेडींच्या सचिव एव्हलिन लिंकन, हेही खरं. पण ‘लिंकनच्या सचिवाचं आडनाव केनेडी होतं’ या वाक्याला कसलाही आधार नाही. तीन खऱ्यांच्या ओळीत चौथं खोटं बेमालूम बसतं. योगायोगाच्या डावात पंचाने नेमकं तेच हुडकायचं.

फोटो हा पुरावा धरायचा का?

पूर्वी धरायचो. आता एकटा फोटो पुरेसा नाही. बनावट फोटो सहज तयार होतात आणि खरे फोटोही असे कापता येतात की गर्दीतली दोन माणसं गप्पा मारताना दिसावीत. भेटीची तारीख, ठिकाण आणि ती छापलेली विश्वासार्ह बातमी, यांपैकी काहीतरी सोबत मागा.

घोटाळ्यातल्या आरोपीला एखाद्या नामवंताशी जोडलं तर बदनामी होत नाही का?

होऊ शकते, म्हणून इथे थट्टा जरा आवरायची. खेळाचं गृहीतकच हे आहे की चार दुव्यांत कुणीही कुणाशीही जोडला जातो. त्यामुळे जोडला गेला यातून त्या माणसाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पण साखळीचं चित्र खेळाबाहेर गेलं, कुणीतरी त्यावर ‘संबंध उघड!’ असं लिहून पुढे ढकललं, की वाचणाऱ्याला नियम कुठे माहीत असतात? टीव्हीवरच्या चर्चांत फळ्यावर बाण काढून हेच चालतं, फक्त तिथे त्याला कुणी खेळ म्हणत नाही.

आमचे नियम तीन. गुन्ह्याच्या बातमीतलं माणूस टोकाला घ्यायचं नाही. ज्यांचं सार्वजनिक जीवन नाही असे नातेवाईक, शेजारी, मुलंबाळं मधल्या कडीत आणायची नाहीत. आणि साखळी बाहेर पाठवायचीच असेल तर प्रत्येक दुवा कसला, कधीचा, हे तिच्यावरच लिहायचं. ‘निक्सन – एल्विस’ असं नुसतं लिहिलं तर काहीही वाटेल. ‘१९७०, व्हाइट हाउस, भेट’ लिहिलं की संशयाला जागा उरत नाही.

सुरुवातीला एखादी जोडी सुचवाल?

डॉन ब्रॅडमन ते ट्रम्प. जंक्शनबंदी नसताना: ब्रॅडमनच्या नव्वदाव्या वाढदिवशी, २७ ऑगस्ट १९९८ रोजी, तेंडुलकर त्याला अ‍ॅडलेडमध्ये भेटला होता, पुढची वाट वर दिलीच आहे. आता तीच जोडी बंदी घालून सोडवा. ट्रम्प अध्यक्ष होण्याआधी बांधकाम, मुष्टियुद्धाच्या लढती आणि टीव्ही मालिका अशा तीन धंद्यांत होते, तेव्हा त्या टोकाला दारं भरपूर आहेत. अवघड जाईल ते ब्रॅडमनचं टोक.